माफ करायला तो हात तुझा आहे का?

मेंढीकोटमध्ये न्याय एकदम झटपट असतो. रंगाचं पान जवळ असताना कुणी हुकमानं कापलं आणि नंतर ते पान बाहेर निघालं की संपलं, आरडाओरडा, पत्ते फेकणं, "डाव आमचा", समोरचा म्हणतोय "अरे चुकून झालं की बे", पण ऐकतंय कोण. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही हा सगळ्याच घरांचा नियम, पारा चाळिसाच्या वर, त्यामुळं आमच्या पिढीचं कायद्याचं सगळं शिक्षण थंड फरशीवर पालथं पडून पत्ते खेळताना झालंय. तिथं शिक्षा किती हे चूक केवढी यावर नाही, कोण जास्त मोठ्यानं ओरडतं यावर ठरायचं. मामा चुकला तर राहू दे, धाकटी बहीण चुकली तर डाव गेला.

ब्रिजमध्ये, म्हणजे चौघांनी दोन-दोनच्या जोड्या करून खेळायच्या पत्त्यांच्या खेळात, हे सगळं आधीच लिहून ठेवलंय. कोणत्या चुकीला काय भरपाई, ती कुणी ठरवायची, कधीपर्यंत मागायची, सगळं. जागतिक संघटनेचं डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांचं पुस्तक आहे, २००७ ला बरंच बदललं, मग २०१७ ला परत सुधारलं. तरी वाद संपत नाहीत, आणि गंमत म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात मोठे वाद कडकपणावरून होतच नाहीत, माफी देण्यावरून होतात.

आमचा ग्रुप रविवारी जुळे सोलापुरात एका मेंबरच्या घरी वरच्या हॉलमध्ये जमतो. चार टेबलं होतात, कधी कुणी लग्नाला गेलं की तीनच होतात मग मूव्हमेंटची, म्हणजे कोणती जोडी कधी कुठल्या टेबलावर जाणार त्याची, कटकट. रेल्वेतून रिटायर झालेले दोघंतिघं (सोलापूर डिव्हिजनचं ऑफिस इथंच, त्यामुळं रेल्वेवाले कुठंही सापडतात), बँकवाले, दोन डॉक्टर, एक वकीलसाहेब, कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम, एक काका-काकू जोडी. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकारनी ब्रिजमध्ये गोल्ड आणलं, बर्धन तेव्हा साठ वर्षांचे, तेव्हापासून घरचे लोक आम्हाला जरा कमी बोलतात एवढाच फरक पडला. नियमांचं पुस्तक मी वाचलंय एवढ्या एका गुन्ह्यावर मला डायरेक्टर केलंय, म्हणजे आपण खेळायचं पण, आणि कुठल्या टेबलावरून हाक आली की आपली पानं पालथी ठेवून तिथं जाऊन निकाल पण द्यायचा. माझ्याच टेबलावर काही झालं तर वकीलसाहेब बघतात.

तर झालं असं. चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट (म्हणजे इस्पिक हुकूम आणि सहावर चार असे दहा हात करायची बोली), खेळणारे तरुण डॉक्टर, बचावाला रेल्वेतून रिटायर झालेले अप्पा. किलवरची उतारी झाली आणि अप्पांनी बदाम टाकलं. तो हात डॉक्टरांनीच मारला. तीनचार हातांनंतर अप्पांच्या इस्पिकच्या पानांमागून किलवरची सत्ती निघाली. काळ्यात काळं मिसळलं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळायची होती, कुणाच्याही मनात काही वावगं नव्हतं. याला रिव्होक म्हणतात, रंग असून रंग न देणं. पुढच्या हाताला तुम्ही किंवा तुमच्या पार्टनरनं पान टाकेपर्यंत लक्षात आलं तर पान बदलता येतं, बदलावंच लागतं, त्यानंतर रिव्होक पक्का झाला. हा पक्का झालेला होता. डॉक्टरांचे दहा हात झाले, अप्पांच्या बाजूनं रिव्होकनंतर एक हात जिंकलेला होता, म्हणजे नियमाप्रमाणं एक हात इकडून तिकडं जाणार आणि निकाल अकरा होणार.

डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे ओ अप्पा, मला नको तो हात, दहाच लिहा." सगळं टेबल खूश. अप्पांनी शेंगापोळीचा डबा पुढं सरकवला. मी म्हणलं, असं नाही करता येत. मग काय, "लई कायदा शिकलाय बे", "एका हातानं काय सोलापूर बुडतंय का", शेजारच्या टेबलावरून पण सल्ले सुरू.

आता ज्यांनी डुप्लिकेट खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरातल्या पत्त्यांसारखं यात दर वेळी पिसून वाटत नाहीत. तीच बावन्न पानं, तशीच चार भागांत लावलेली, चार कप्प्यांच्या बोर्डात घालून टेबलावरून टेबलावर फिरतात. तुमचा स्कोअर समोरच्या जोडीशी नाही, तीच पानं दुसऱ्या टेबलावर धरून बसलेल्या जोडीशी ताडला जातो. समोरासमोर बसलेल्या जोडीला दिशेचं नाव असतं, तुम्ही उत्तर-दक्षिण असाल तर तुमचे खरे प्रतिस्पर्धी बाकीच्या टेबलांवरचे उत्तर-दक्षिण. ज्याच्यापेक्षा तुमचा स्कोअर चांगला त्याच्यामागं दोन पॉइंट, बरोबरी झाली की एक. चार टेबलं असली की एका बोर्डावर जास्तीत जास्त सहा.

त्या दिवशी मी कागदावर मांडून दाखवलं. बोर्ड व्हल्नरेबल होता (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे), चार इस्पिक बरोबर केलं की ६२०, एक जास्त केला की ६५०. बाकीच्या तिन्ही टेबलांवर ६२० च आलेले. डॉक्टरांच्या टेबलावर पण ६२० लिहिलं तर सगळ्यांना तीन-तीन, कुणाचं काही नाही, सगळे गोड. ६५० लिहिलं तर डॉक्टरांच्या जोडीला सहा, अप्पांच्या जोडीला शून्य, इथपर्यंत सगळ्यांना समजतं. पुढचं कुणी बघत नाही. बाकीच्या तीन टेबलांवर अप्पांचीच पानं धरून बसलेल्या ज्या पूर्व-पश्चिम जोड्या, त्यांना ६५० लिहिल्यावर चार-चार मिळतात आणि ६२० लिहिल्यावर तीन-तीन. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी जे औदार्य दाखवलं त्यातला एकेक पॉइंट त्या तीन जोड्यांच्या खिशातून गेला. त्यांना कुणी विचारलं? त्यांना तर असं काही घडलं हे माहीत पण नव्हतं, ते पलीकडं आपापला बोर्ड खेळत होते. आणि बाकीच्या तीन उत्तर-दक्षिण जोड्यांना फुकट एकेक मिळाला तो वेगळाच.

नियम १० यासाठीच आहे. भरपाई ठरवायचा हक्क फक्त डायरेक्टरचा, खेळाडूंना आपल्याआपण ठरवता पण येत नाही आणि सोडता पण येत नाही. सोडायची असेल तर एक दार ठेवलंय, नुकसान झालेल्या बाजूनं डायरेक्टरला विनंती करायची, योग्य कारण असेल तर डायरेक्टर आपल्या अखत्यारीत सोडू शकतो. पण तो पलीकडच्या टेबलांचा पण विचार करून सोडणार. मला विचाराल तर म्हातारपण किंवा मोतीबिंदू हे कारण होत नाही, कारण त्याच हॉलमध्ये अजून चार मोतीबिंदू बसलेले असतात आणि ते डोळे ताणून पानं मोजत असतात. हॉलची लाइट गेली होती, किंवा समोरच्यानंच बोलण्यात गुंतवून रिव्होक करायला लावला, असलं काही असेल तर मी सोडेन.

चौघांनी घरात बसून रबर, म्हणजे दर वेळी नवीन पत्ते वाटून खेळायचं साधं ब्रिज, खेळत असाल तर गोष्ट वेगळी. तिथं जे काही आहे ते चौघांचं चौघांत, तिथं दिलं सोडून तर कुणाचं काही जात नाही. आमची गडबड अशी की खेळतो डुप्लिकेट आणि वागतो रबरसारखं.

पण डॉक्टर गप्प बसणारे नाहीत. त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला खरंच आवडला, आणि हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्यामुळंच. ते म्हणाले, "सर, पण त्या रिव्होकनं माझं नुकसानच झालेलं नाही. अप्पांनी सत्ती टाकली असती तरी मी दहाच करणार होतो. मग अकरावा हात मला कशाबद्दल? तुम्हीच म्हणता नियम शिक्षेसाठी नाहीत."

बरोबर आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे नियम चुकीबद्दल शिक्षा करण्यासाठी नाहीत, चूक न करणाऱ्याचं जे नुकसान होऊ शकतं ते भरून काढण्यासाठी आहेत. मग जिथं नुकसान नाही तिथं एक हात का उचलून द्यायचा? आणि त्याहून पुढं, नियम १२ मध्ये सरळ सांगितलंय की नियमात दिलेली भरपाई फार कडक वाटते किंवा कुणाला फार फायद्याची वाटते एवढ्याच कारणावरून डायरेक्टरनं स्कोअर बदलायचा नाही. म्हणजे डायरेक्टरचे हात पण बांधलेले.

यावर मी बराच विचार केलाय. नुकसान मोजायचं म्हणजे चूक झालीच नसती तर काय झालं असतं ते ठरवायचं. कधी ते उघड दिसतं, जसं इथं दिसत होतं. पण दहातल्या आठ वेळा दिसत नाही. अप्पांनी बदाम टाकल्यामुळं डॉक्टरांना वाटलं किलवर संपलं, म्हणून त्यांनी पानांची वाटणी वेगळी धरली, म्हणून पुढचा फिनेस (मोठं पान कुणाकडं असेल या अंदाजावर केलेली चाल) उलट्या बाजूनं घेतला, तो लागला किंवा चुकला, आता सांगा रिव्होकचा परिणाम कुठं संपला. दर वेळी हे ठरवायचं म्हणलं तर डायरेक्टरला चारही हातची पानं मांडून अर्धा तास बसावं लागेल आणि तरी निम्म्यांना तो निकाल पक्षपाती वाटेल. त्यापेक्षा पुस्तक म्हणतं, एक हात किंवा दोन हात, विषय संपला. रिव्होक करणाऱ्यानंच तो हात मारला असेल तर तो हात आणि नंतर जिंकलेल्यांपैकी एक, असे दोन. त्यानं मारला नसेल पण त्याच्या बाजूनं तो किंवा नंतरचा कुठला तरी हात जिंकला असेल तर एक. नंतर काहीच जिंकलं नसेल तर काही नाही. रिव्होकच्या आधी जिंकलेल्याला हात लावायचा नाही. यात मी अप्पांचा शेजारी आहे का, डॉक्टरांकडं माझी बीपीची फाइल आहे का, काही फरक पडत नाही. ब्रिज ज्यातून आलं त्या जुन्या व्हिस्टमध्ये रिव्होकला तीन हात जायचे, त्या मानानं आपण मवाळ झालोय.

हे अप्पांनीच सगळ्यात आधी मान्य केलं. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, म्हणाले, "विनातिकीट सापडला की आम्ही काय रेल्वेचं किती नुकसान झालं ते मोजत बसायचो का, डबा रिकामाच होता की. दंड म्हणजे दंड." डॉक्टरांना हे फारसं पटलं नाही. मला पण ते उदाहरण शंभर टक्के लागू वाटत नाही कारण रेल्वेचा दंड रेल्वेला मिळतो आणि इथं तो शेजारच्या खेळाडूला मिळतो, पण अप्पा स्वतःच्या विरुद्ध बोलत होते म्हणून कुणी काही बोललं नाही.

आता याची दुसरी बाजू, जी बऱ्याच जुन्या खेळाडूंना पण माहीत नसते. ठरलेला हात कधी कधी पुरत नाही. हे उदाहरण लक्ष देऊन वाचा, पानं काढून मांडलीत तर उत्तम.

तीन नोट्रम्पचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात करायचे. डमीत (खेळणाऱ्याच्या पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं) चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, आणि चौकट सोडून डमीत परत जायला दुसरा कुठलाच रस्ता नाही. खेळणाऱ्याकडं चौकटची तीन बारकी पानं. एका बचाववाल्याकडं एक्का आणि चव्वी, दुसऱ्याकडं उरलेली तीन. पहिल्यांदा चौकट खेळलं, एक्केवाल्यानं चव्वी दिली, डमीचा राजा लागला. दुसऱ्यांदा डमीतून राणी, आता त्याच्याकडं एकटा एक्का आहे, तो पडायलाच पाहिजे. पडला असता तर खेळणाऱ्याकडं तिसरं बारकं पान शिल्लक राहिलं असतं, त्यावरून डमीत जाऊन उरलेले तीन हात घेतले असते, चौकटचे एकूण चार. पण याला लाल पानांत एक्का दिसलाच नाही आणि त्यानं किलवर टाकलं. राणी लागली. तिसऱ्यांदा गुलाम, आता एक्का सापडला, मारला. खेळणाऱ्याचं चौकट संपलं, डमीत दोन चांगली पानं तशीच वाळत पडली. चारऐवजी दोनच हात.

रिव्होकचा हात राणीनं मारला होता, म्हणजे चुकणाऱ्यानं नाही, म्हणून ठरलेली भरपाई एकच. जे नऊ हात होणार होते ते सात झाले, एक मिळून आठ, कॉन्ट्रॅक्ट एकानं बुडालं, उणे ५०. आणि ज्यानं चूक केली तो फायद्यात! इथं नियम ६४ मधलं शेवटचं कलम लागतं, ठरलेल्या भरपाईनं नुकसान भरून निघत नसेल तर डायरेक्टरनं रिव्होक झालाच नसता तर जो निकाल लागला असता तो द्यायचा. म्हणजे नऊ हात, अधिक ४००. तक्रार वेळेत केली नाही, पुढच्या बोर्डाची बोली सुरू झाली, तर ठरलेला हात जातो, पण ही भरपाई तेव्हाही मिळू शकते.

म्हणजे बघा, व्यवस्था एकतर्फी आहे. भरपाई जास्त झाली तर डायरेक्टर कमी करू शकत नाही, कमी पडली तर वाढवू शकतो. झुकतं माप कायम चूक न करणाऱ्याला. मला हे न्याय्य वाटतं, कारण अंदाज चुकायचाच असेल तर ज्यानं काहीच केलं नाही त्याच्या डोक्यावर का चुकावा. डॉक्टरांना नाही वाटत, त्यांचं म्हणणं नुकसान मोजता येतं तिथं मोजा, येत नाही तिथंच ठोकळा लावा. त्यांच्या बाजूनं पण चांगले चांगले लोक सापडतील.

मोठ्या पातळीवर पण हे घडतं म्हणून सांगतो. २००३ ला मॉन्टे कार्लोमध्ये बर्म्युडा बोल या ब्रिजच्या जागतिक टीम स्पर्धेची फायनल, अमेरिका आणि इटली, शेवटच्या काही बोर्डांत अमेरिकेच्या पॉल सोलोवेकडून रिव्होक झाला. जगातला एक सर्वोत्तम खेळाडू, आणि रंग द्यायचा राहिला. तरी अमेरिका शेवटी एका इम्पनं (टीम स्पर्धेतला पॉइंट) जिंकली. एका इम्पनं! तिथं कुणी "राहू दे ओ" म्हणलं असतं तर?

रिव्होकमध्ये निदान पान टेबलावर दिसतं. खरी डोकेदुखी विचार करण्याची. म्हणजे थांबण्याची. आमच्याकडं काका-काकूंच्या टेबलावर झालेलं सांगतो. बोली चालली होती, काकांनी एक इस्पिक म्हणलं, पुढच्यानं दोन बदाम, काकूंनी दोन इस्पिक, मग चौथ्यानं तीन बदाम. काका थांबले. चहाचा कप उचलला, ठेवला, परत पानं उघडली, बराच वेळ गेला आणि मग पास. पलीकडच्यानं पास केलं. काकूंनी लगेच तीन इस्पिक. ते बरोबर झाले, १४०. विरोधकांनी मला बोलावलं.

आता काकांनी विचार केला यात काहीही चूक नाही, विचार करायला बंदी असती तर ब्रिज कुणी खेळलं असतं. पण काका थांबले यातून काकूंना एक गोष्ट कळली जी बोलीतून कळली नसती, की काकांच्या मनात अजून काहीतरी बोलायचं होतं. ही चोरून न घेतलेली पण हक्काची नसलेली माहिती. नियम १६ म्हणतो, पास करणं आणि तीन इस्पिक म्हणणं हे दोन्ही त्या पानांवर शहाण्या माणसाला सुचण्यासारखे पर्याय असतील, तर थांबण्यातून ज्याची सूचना मिळते तो पर्याय घ्यायचा नाही. मग मी काय करतो, काकूंची पानं कागदावर लिहून त्याच तोडीच्या तीनचार जणांना दाखवतो, कुणी थांबलं होतं हे अजिबात सांगत नाही, फक्त बोली सांगतो आणि विचारतो तुम्ही काय कराल. जर सगळे डोळे झाकून तीन इस्पिक म्हणले तर काकूंचं बरोबर. त्या दिवशी निम्मे पास म्हणाले. म्हणून निकाल बदलला, तीन बदामवर. तीन बदाम कधी नऊ हात होतात, कधी उतारी बरोबर पडली तर आठच, म्हणून साठ टक्के विरोधकांना १४०, चाळीस टक्के एकानं बुडालं असं वजन लावून स्कोअर दिला. असं टक्क्यांत देता येतं, नियमातच आहे.

काका भडकले. "म्हणजे आम्ही नवरा-बायको मिळून खुणा करतो असं म्हणायचंय का तुम्हाला? तीस वर्षांत हे ऐकायची वेळ आली नव्हती." काकू त्यांना गप्प करत होत्या आणि स्वतः पण लाल झाल्या होत्या. माझ्या मते हा नियम न्याय्य आहे तो नेमका यासाठीच की त्यात काकूंच्या मनात काय होतं हे कुणीच विचारत नाही. मी जर काकूंना विचारलं असतं की तुम्ही काकांच्या थांबण्यामुळं बोललात का, तर तो खरा अपमान होता, कारण त्या काहीही बोलल्या तरी एक तर मी त्यांना खोटं ठरवणार किंवा विरोधकांना. पुस्तक म्हणतं मनात शिरू नका, पानं बघा आणि बाकीच्यांना विचारा. जाणूनबुजून खुणा करणं ही वेगळी गोष्ट, त्याच्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि मोठ्या स्पर्धांत तर १९७५ पासून टेबलावर आडवा पडदा लावायला लागलेत. आमच्या हॉलमध्ये पडदा लावला तर चहा कुठून द्यायचा हा प्रश्न.

हे सगळं काकांना समजावून सांगायला दोन रविवार गेले. अजून पूर्ण पटलंय असं नाही, पण हल्ली थांबले की स्वतःच म्हणतात, "काकू, मी फक्त चहा पितोय." (हे पण नियमात बसत नाही, पण एवढं मी ऐकू न आल्यासारखं करतो.)

चुकीच्या जागेवरून उतारी झाली तर काय, अपुरी बोली झाली तर काय, त्यावर वेगळं लिहावं लागेल. उतारीत खेळणाऱ्याला पाच पर्याय मिळतात, ते सगळे समजावून सांगेपर्यंत टेबलावरची भजी गार होतात. एवढंच सांगतो की चूक झाली की आधी डायरेक्टरला बोलवा, आपणच निस्तरायला गेलात तर भरपाईचा हक्क जाऊ शकतो. नव्वद टक्के भांडणं डायरेक्टर यायच्या आधीच्या दोन मिनिटांत होतात.

सध्या ग्रुपवर जो विषय पेटलाय तो मॅडमचा. मॅडमनी मागं एकदा रिव्होक केला, पक्का झाला, कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि खेळ संपल्यावर त्यांनी स्वतःच मला हाक मारली, "सर, माझ्याकडून झालंय, एक हात द्या त्यांना." सगळ्यांनी कौतुक केलं. वकीलसाहेब म्हणाले कौतुक करा पण कायदा तसं सांगत नाही, आणि ते खरंय. नियम ७२ प्रमाणं आपल्या बाजूच्या चुकीकडं आपणहून लक्ष वेधायचं बंधन नाही. लपवायचं मात्र नाही, म्हणजे रिव्होक झाकण्यासाठी दुसरा रिव्होक केला, पानं मिसळून टाकली, तर ते गंभीर. मुद्दाम नियम मोडणं, भरपाई द्यायची तयारी असली तरी, ते पण चालत नाही. पण गप्प बसणं चालतं. पार्टनरनं आपल्या बोलीचा जोडीत आधीच ठरलेला अर्थ समोरच्यांना चुकीचा सांगितला असेल तर मात्र गप्प बसणं चालत नाही, ठरलेल्या वेळी सांगावंच लागतं.

मॅडमना हा फरक विचित्र वाटतो. मला नाही वाटत. रिव्होक समोरच्याला दिसू शकतो, पानं मोजली की सापडतो, ते त्याचं काम आहे. आमच्या पार्टनरशिपमध्ये दोन किलवरचा अर्थ काय ठरलाय हे त्याला कितीही हुशार असला तरी दिसू शकत नाही, म्हणून ते सांगायचं. पण माझ्याच त्या कागदावरच्या हिशोबानं बघितलं तर मॅडमनी जे केलं त्याचा फायदा फक्त समोरच्यांना नाही, इतर टेबलांवर त्यांचीच पानं घेऊन बसलेल्यांना पण झाला, त्यामुळं मला त्यांच्याविरुद्ध बोलता येईना.

बोलले ते त्यांचे पार्टनर अण्णा. "मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा मान्य, पण हात माझा पण गेला की ओ. मी ते साडेतीन तास डोकं लावून खेळलो. डॉक्टरांना दुसऱ्याचा पॉइंट सोडता येत नाही म्हणून एवढं मोठं लेक्चर झालं, मग तुम्ही माझा कसा सोडला?" मॅडम म्हणाल्या, तो आपला नव्हताच. अण्णा म्हणाले, पुस्तक म्हणतंय कुणी मागितलं नाही तर आपलाच. वकीलसाहेबांनी मान हलवली. ग्रुपवर त्यावर एकशे काहीतरी मेसेज झालेत, त्यातले निम्मे शुभ सकाळचे, आणि पुढच्या रविवारी अण्णा अप्पांबरोबर बसणार आहेत असं परवा कळलं. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय हे अण्णांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.